फणसवाडीतून निघालेला कॅमेरा

गिरगावातल्या वाड्यांची नावं एका दमात म्हणून पाहा: केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी. नावांमध्ये एक अख्खी बाग उभी राहते. वाडी म्हणजे मुळात कुंपण घातलेली, झाडांची जागा. शहर दाटत गेलं तशा झाडांच्या जागी चाळी आल्या आणि आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. फणसवाडीत आज लोक बाहेरून येतात ते दाक्षिणात्य धाटणीच्या बालाजीच्या देवळात. एका अंगाला काळबादेवी-भुलेश्वरचा बाजार, दुसऱ्या अंगाला ठाकूरद्वार, जवळच चिराबाजार. ज्या फणसांनी वाडीला नाव दिलं, ते पाहिलेलं माणूस आता भेटणार नाही. झाडं गेली आणि नाव तेवढं मागे राहिलं.

प्रवासाचे व्हिडिओ काढण्याच्या छंदावरचं हे प्रकरण मी फणसवाडीपासून सुरू करतो आहे, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण इतिहासाचं. भारतात हलत्या चित्रांची सुरुवात ज्या जागांवर झाली, त्यांतल्या बऱ्याचशा या वाडीपासून पायी जाण्याच्या अंतरात आहेत. दुसरं कारण माझ्या मताचं. प्रवासाचा व्हिडिओ म्हणजे लडाख, केदारनाथ किंवा स्वित्झर्लंड, अशी समजूत पक्की झाली आहे. मला वाटतं, ज्याला आपली वाडी चित्रित करता येत नाही त्याला लडाखही करता येणार नाही. डोळा तयार होतो तो घराजवळ. आणि जे दृश्य रोज दिसतं तेच आधी नाहीसं होतं, कारण ते टिपावं असं कुणालाच वाटत नाही.

सावेदादांचा कॅमेरा

7 जुलै 1896 रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या कंपनीने सहा छोट्या फिल्म दाखवल्या. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. तिकीट एक रुपया. पडद्यावर काय होतं? स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान. गोष्ट नाही, नट नाहीत, संवाद नाहीत. दुसऱ्या देशातल्या एका जागी एका दिवशी काय चाललं होतं, एवढंच. सिनेमाचा जन्म झाला तो असा, परगावची खबर म्हणून.

त्याच 1896 साली ल्युमिएरचा एक कॅमेरामन, आलेक्सांद्र प्रोमियो, व्हेनिसला गेला होता. तिथल्या कालव्यातून जाताना त्याने कॅमेरा नावेत ठेवला आणि काठावरचे वाडे सरकताना टिपले. तोवर कॅमेरा एका जागी रोवून समोर जे हलेल ते घ्यायचं, अशी रीत होती. प्रोमियोने कॅमेऱ्यालाच प्रवासाला काढलं. आज लोकलच्या खिडकीतून किंवा एसटीच्या पुढच्या काचेतून जो कुणी रस्ता टिपतो, तो सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या नावेतच बसलेला असतो.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. वॉटसनमधल्या त्या खेळांनी ते भारावले आणि त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्सकडून कॅमेरा मागवला. किंमत 21 गिनी, म्हणजे त्या काळचे तीनशेच्या वर रुपये. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायची सोय इथे नव्हती, ती लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसाने काढलेली ही पहिली हलती चित्रं मानली जातात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं पुढचं काम जास्त महत्त्वाचं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजला गणितात सर्वप्रथम येऊन सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा डिसेंबर 1901 मध्ये मायदेशी परतला, तेव्हा चौपाटीवर झालेलं त्यांचं स्वागत सावेदादांनी कॅमेऱ्यात घेतलं. परदेशाहून येणाऱ्या मुलाला विमानतळावर हार घालताना घरचे लोक आज जो व्हिडिओ काढतात, त्याचा हा पूर्वज. पुढे 1903 चा दिल्ली दरबार टिपायला सावेदादा दिल्लीपर्यंत गेले. हातात कॅमेरा, जवळ मोजकी फिल्म आणि समोर अफाट गर्दी. त्यांची अडचण आणि आजच्या छंदिष्टाची अडचण एकच होती: काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

दादासाहेब फाळके यांची गोष्टही गिरगावातच घडली. 1911 मध्ये ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचं मनावर घेतलं. 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी आधी वाटाण्याचं रोप घेतलं. अंकुर फुटल्यापासून वेल वर चढेपर्यंत थोडी थोडी फिल्म फिरवत राहिले आणि महिन्याभराची वाढ मिनिटभरात दाखवली. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव. आज फोनमध्ये 'टाइमलॅप्स' नावाचं जे बटण असतं, ते काम फाळक्यांनी चिकाटीच्या जोरावर, हाताने केलं. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्याच कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पौराणिक चित्रपटांसाठी आपण फाळक्यांना ओळखतो. पण नाशिक-त्र्यंबकची दृश्यं आणि सिंहस्थ पर्वणी यांवरही त्यांनी छोट्या फिल्म केल्या. क्षेत्राच्या ठिकाणचं दर्शन, तिथे जाऊ न शकणाऱ्याला घडवायचं, हा हेतू आजच्या वारीच्या आणि परिक्रमेच्या व्हिडिओंमागेही आहेच.

एकोणीस सेकंदांचा हत्ती

सावेदादांचा कॅमेरा छंदिष्टाच्या हाती यायला बराच काळ जावा लागला. 1923 मध्ये कोडॅकने 16 मिलिमीटरची फिल्म आणली. ती न पेटणारी होती, म्हणून घरात चालवता येत असे. 1932 मध्ये 8 मिलिमीटर आली, 1965 मध्ये सुपर एट. आपल्याकडे हे प्रकार मोजक्या सधन घरांतच पोचले. सर्वसाधारण मराठी घरात दूरदेश आला तो व्ह्यूमास्टरमधून. गोल चकतीवर चित्रांच्या सात जोड्या, डोळ्याला डबी लावायची, खटका ओढायचा. 1939 मध्ये अमेरिकेत निघालेल्या या खेळण्याने चाळीतल्या किती मुलांना पहिल्यांदा खोली असलेले डोंगर आणि कारंजी दाखवली असतील!

1985 मध्ये सोनीने हँडिकॅम आणला. परदेशातला काका किंवा आत्या सुट्टीला आली की तिच्याबरोबर हँडिकॅम येई आणि मग बारसं, मुंज, अष्टविनायक यात्रा असं सगळं एका कॅसेटवर जाई. ती कॅसेट पाहुण्यांना दाखवणं हा समारंभ असे.

मग 23 एप्रिल 2005 ची तारीख. त्या दिवशी यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला. यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे आणि त्यांच्या लांब सोंडांबद्दल दोन वाक्यं बोलतो. लांबी 19 सेकंद. जगातल्या सर्वांत मोठ्या व्हिडिओभांडाराची पायाभरणी एका सहलीच्या चित्रफितीने झाली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. तो व्हिडिओ चांगला आहे का? प्रकाश साधा, आवाज साधा, माहिती नाममात्र. पण त्यात एक माणूस आहे, एक जागा आहे आणि 'मी इथे आलो, हे पाहिलं' एवढं प्रामाणिक म्हणणं आहे. छंदाला सुरुवात करायला तेवढं पुरतं.

भारतात यूट्यूबची आवृत्ती 2008 मध्ये आली, पण खरा फरक पडला तो 2016 नंतर, मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर. तेव्हापासून मराठीत प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली. मुक्ता नार्वेकर, जीवन कदम ही नावं घराघरांत माहीत झाली. 'कोकणी रानमाणूस' म्हणून ओळखला जाणारा सिंधुदुर्गातला प्रसाद गावडे कोकणातलं जंगल, पाणी आणि जगण्याची रीत यांबद्दल तळमळीने बोलतो. याशिवाय असे असंख्य चाकरमानी आहेत, जे गणपतीला गावी जाताना गाडीत बसल्यापासून गौरी-विसर्जनापर्यंत फोन चालू ठेवतात. गिरगाव-लालबाग-परळच्या चाळींमधून कोकणात जाणारी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेली आहे. पूर्वी तिची हकिगत गॅलरीत बसून सांगितली जाई, आता ती पडद्यावर दिसते. कॅनडात किंवा कुवेतमध्ये असलेला भाऊ त्या व्हिडिओत आपल्या घराच्या पडवीतली मूर्ती पाहतो आणि त्याचे डोळे भरतात. या छंदाचं मोल मोजायचं झालं, तर मी इथून मोजेन.

वाडी ते चौपाटी: पहिला धडा

आता प्रत्यक्ष काम. एक रविवार घ्या, सकाळी सातची वेळ. फणसवाडीतून निघायचं आणि गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जायचं. सरळ गेलात तर वीस-पंचवीस मिनिटांत पोचाल, पण आपल्याला दोन तास लागले पाहिजेत. यातून पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे.

निघण्याआधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: हा व्हिडिओ कशाबद्दल आहे? 'गिरगावची सकाळ' हे उत्तर फार ढगळ आहे. 'वाडीतून समुद्रापर्यंत जाताना रस्ता कसा रुंद होत जातो' हे उत्तर चांगलं, कारण आता काय घ्यायचं ते डोळ्याला कळतं. अरुंद बोळ, मग गल्ली, मग जगन्नाथ शंकरशेठ मार्ग, मग पूल, मग उघडं आभाळ. प्रत्येक प्रवासात असा एक धागा असतो. तो आधी शोधला तर अर्धं काम झालं.

प्रत्येक ठिकाणी तीन चित्रं घ्यायची सवय लावा. एक दूरचं, ज्यात जागा समजते: वाडीचं तोंड, देवळाचं गोपूर, चाळीची लांबच लांब गॅलरी. एक मधलं, ज्यात माणूस काय करतो आहे ते दिसतं: फुलांच्या पुड्या बांधणारा, दुधाच्या पिशव्या लावणारा. एक अगदी जवळचं: दोरा गुंडाळणारी बोटं, लाकडी कठड्यावरची झीज, पितळी कडी. शिकाऊ माणूस दूरची चित्रं भरपूर घेतो आणि जवळची विसरतो. मग जोडायला बसल्यावर सगळं सपाट वाटतं. जागेची ओळख दूरच्या चित्राने होते, ओढ मात्र जवळचं चित्र लावतं.

प्रत्येक चित्र निदान दहा सेकंद, हात न हलवता. वापरायचे त्यातले चारच, पण ते निवडायला मागेपुढे जागा हवी. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे फिरवण्याचा मोह टाळा. चालता चालता चित्रण करायचं असेल तर गुडघे किंचित वाकवा, टाच हलकी टेका, कोपरं अंगाला चिकटवा. झटके गिळणारी यांत्रिक मूठ, जिला सगळे गिंबल म्हणतात, ती असली तर उत्तम. पण ती नाही म्हणून काम अडत नाही.

वाड्यांचा प्रकाश फसवा असतो. बोळात काळोख आणि वर आभाळाची पांढरी पट्टी. फोन आपोआप उजेड जुळवू पाहतो आणि चित्र क्षणात काळं, क्षणात पांढरंफटक होतं. पडद्यावर ज्या भागाला महत्त्व द्यायचं तिथे बोट दाबून धरा. बहुतेक फोनांमध्ये उजेड आणि फोकस तिथेच पक्के होतात.

आणखी एक बारकावा भारतात फार उपयोगी आहे. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. पण बहुतेक फोन अमेरिकी रीतीने सेकंदाला 30 चित्रं घेतात, आणि दुकानात किंवा प्लॅटफॉर्मवर काढलेल्या व्हिडिओत काळपट पट्टे सरकताना दिसू लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये 25 चित्रांचा पर्याय असेल तर तो घ्या आणि शटर एक भागिले 50 ठेवा. पट्टे जातात.

वाटेत थांबण्याजोगी ठिकाणं अनेक आहेत. खाडिलकर रोडवरच्या केशवजी नाईक चाळी, जिथे 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. पुढे खोताची वाडी, लाकडी जिने आणि उतरत्या कौलांची जुनी घरं. एकेकाळी इथे साठाहून अधिक अशी घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. गिरगाव आणि काळबादेवी इथे भुयारी मेट्रोची स्थानकं 2025 मध्ये सुरू झाली. वर जुनी चाळ, खाली नवी गाडी, हे दोन्ही एकाच फेरीत सापडतं. शेवटी चर्नी रोडचा पूल ओलांडला की समुद्र. चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. आणि याच वाळूवर 1901 साली सावेदादा कॅमेरा लावून उभे होते. शेवटचं चित्र इथे घ्या, जरा लांबलेलं, काही न बोलता.

घरी आल्यावर तुमच्याकडे चाळीसेक मिनिटांचं चित्रण असेल. त्याची पाच मिनिटं करायची म्हणजे आठातले सात भाग टाकायचे. इनशॉटसारखं फोनवरचं साधन किंवा संगणकावर विनामूल्य मिळणारं डाविंची रिझॉल्व्ह, काहीही चालेल. टाकताना जीव कळवळतो, विशेषतः जे चित्र घ्यायला फार कष्ट पडले ते टाकताना. पण पाहणाऱ्याला आपले कष्ट दिसत नसतात, चित्र दिसतं. कागदावरच्या त्या एका वाक्याशी ज्याचा संबंध नाही ते काढून टाका.

आवाज आणि भाषा

चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक पाहतात. आवाज फाटका असला तर बंद करतात. चौपाटीचा वारा फोनच्या माइकमध्ये घोंघावतो आणि बोलणं त्यात बुडतं. कॉलरला लावायचा छोटा माइक आणि त्यावरचा केसाळ बोळा ही पहिली खरेदी असावी, नव्या कॅमेऱ्याच्याही आधी.

जागेचा स्वतःचा आवाज वेगळा टिपा. एका जागी उभं राहा आणि अर्धा-एक मिनिट फक्त ऐका: देवळातली घंटा, हातगाडीवाल्याची हाळी, बेस्टच्या बसचा ब्रेक, कबुतरांची फडफड, वरच्या गॅलरीतून मारलेली हाक. जोडताना हा आवाज खाली अंथरला की तुटक चित्रं एका जागेची होतात. उसनं गाणं लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि कायद्याच्या दृष्टीने सुरक्षितही. चित्रपटगीत लावलंत तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते आणि व्हिडिओवर मालकाचा हक्क लागतो. भारतीय कायद्यानुसार गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो.

बोलायचं कसं? आपण घरात बोलतो तसं. मराठीत प्रवास सांगण्याची परंपरा मोठी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून घरून निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून आलं. ते आजही वाचलं जातं, कारण झाशीच्या वेढ्याबरोबरच दक्षिणा किती मिळाली, जेवण कसं होतं, मुक्काम कुठे झाला, हेही गोडसे भटजी मोकळेपणाने सांगतात. पु. ल. देशपांडे यांनी 'अपूर्वाई'त विलायत दाखवली ती मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या डोळ्यांनी, त्याचे संस्कार आणि त्याची खाण्यापिण्याची ओढ यांच्यासकट.

व्हिडिओ करणाऱ्याने यातून एवढं घ्यावं: 'अप्रतिम', 'जबरदस्त', 'स्वर्गच' हे शब्द बाजूला ठेवावेत आणि तपशील सांगावा. बस कुठून, किती वाजता, भाडं किती, चढण किती वेळाची, पाणी कुठे मिळतं. हा तपशील आज पाहणाऱ्याच्या उपयोगाचा असतो आणि तीस वर्षांनी तोच इतिहास होतो. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी, ज्याची जी बोली असेल तिच्यातच बोलावं. खाली मराठी-इंग्रजी अक्षरं देता येतात. बोली मात्र नंतर कुठून आणणार?

कॅमेरा कुठे बंद ठेवायचा

वाडी म्हणजे लोकांची घरं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, उघडं दार, आंघोळीला निघालेले आजोबा ही दृश्यं आपल्याला 'जुनी मुंबई' वाटतात, पण ते त्यांचं खासगी आयुष्य आहे. आधी नमस्कार, दोन शब्द, मग विचारणं, आणि नाही म्हटलं तर आभार मानून पुढे जाणं. लहान मुलांचे चेहरे आईवडिलांच्या परवानगीशिवाय घेऊ नयेत. देवळात गाभाऱ्याचं चित्रण बहुतेक ठिकाणी चालत नाही. पाटी वाचावी, नसेल तर विचारावं. उलट, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या इमारती आणि पुतळे चित्रित करायला कॉपीराइट कायदा आडकाठी करत नाही.

रेल्वेरुळांवर उतरणं हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकलच्या दारात लटकून काढलेला व्हिडिओ कुणाच्याही कौतुकाला पात्र नाही. ड्रोनसाठी 2021 चे नियम आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक परवाना लागत नाही, म्हणून ते कुठेही उडवता येतं असा गैरसमज होतो. हिरवा, पिवळा, लाल असे आकाशाचे विभाग ठरलेले आहेत, आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. आधी चौकशी, मगच उड्डाण.

सर्वांत कळकळीची गोष्ट पावसाळ्याची. जुलै 2024 मध्ये रायगड जिल्ह्यात माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली आणि गेली. शेवाळलेला दगड, वाऱ्याचा झोत आणि पडद्यात गुंतलेली नजर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पाय कुठे पडतो ते कळत नाही. चित्रण करताना चालू नये आणि चालताना चित्रण करू नये, हा नियम डोंगरात पाळावाच. वाडी ते चौपाटीच्या फुटपाथवर जे चालतं ते कड्यावर चालत नाही.

आपल्या व्हिडिओने त्या जागेचं काय होईल, याचाही विचार हवा. साताऱ्याजवळचं कास पठार फुलांच्या दिवसांत इतकं गजबजू लागलं की येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. एखादा नाजूक कातळसडा, घरट्यांची जागा किंवा गावाच्या पिण्याच्या पाण्याचा झरा दाखवायचा असेल तर नेमकं ठिकाण सांगू नये. जागा लपवणं हा तिथे कंजूषपणा नसून राखण आहे.

दाखवायचं कुणाला?

यूट्यूबकडून पैसे मिळवायचे तर जाहिरातींच्या वाट्यासाठी 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं ही अट आहे. ती गाठणारे गाठतात, पण छंद म्हणून करणाऱ्याने या आकड्यांना कवटाळू नये. आकडे मोजायला लागलं की माणूस जे आवडतं ते सोडून जे चालतं ते करू लागतो, आणि वर्षभरात कंटाळतो.

व्हिडिओ सगळ्या जगासाठी खुला ठेवता येतो, फक्त दुवा असलेल्यांसाठी ठेवता येतो, किंवा अगदी खासगी. आजीच्या माहेरी जाऊन आलात, तर तो व्हिडिओ दुव्यावर पाठवून वीस नातेवाईकांना दाखवणं हेही पूर्ण यश आहे. आणि गिरगावात आणखी एक जुना, चांगला मार्ग आहे. गणपतीच्या दिवसांत वाडीच्या मंडपात पडदा लावून सिनेमा दाखवण्याची पद्धत इथल्या लोकांना नवी नाही. मंडळाने एका संध्याकाळी वाडीतल्या मुलांनी काढलेले प्रवासाचे व्हिडिओ दाखवावेत. पाहणारे शेजारी असले की चूक लगेच कळते, आणि एखाद्या जुन्या कोपऱ्याचं चित्र आलं की म्हातारी माणसं आपणहून बोलू लागतात. ते बोलणंही टिपून ठेवावं.

जपून ठेवणं

सावेदादांनी काढलेल्या फिल्मपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. कुस्ती नाही, चौपाटी नाही, दरबार नाही. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले, त्यांतले तीसच्या आसपास उरले. नायट्रेटची फिल्म पेट घेई, ओलसर हवेत चिकटून जाई, आणि जुन्या फिल्ममधली चांदी काढून विकली जाई. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये स्थापन झालं, तोवर फार उशीर झाला होता.

आपल्याला वाटतं की यूट्यूबवर चढवलं म्हणजे जपलं. तसं नाही. तिथे असते ती दाबून लहान केलेली प्रत, आणि खातं गेलं तर तीही जाते. जपायचं ते मूळ चित्रण. चांगल्या प्रतीच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला सुमारे 50 मेगाबिट, म्हणजे मिनिटाला 375 मेगाबाइट जागा लागते. चाळीस मिनिटांचे झाले 15 गिगाबाइट. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा साठ-पासष्ट फेऱ्या मावतात. जाणकारांचा साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

प्रतींइतकंच महत्त्वाचं आहे नाव. फोन फाइलला जो आकड्यांचा शेपटा लावतो त्यावरून दहा वर्षांनी काही कळणार नाही. वर्ष, महिना, दिवस, मग जागा, मग माणसं, या क्रमाने नाव द्या. शेजारी एक वही ठेवा: कुठून कुठे गेलो, बरोबर कोण होतं, कोण काय म्हणालं. ज्या चाळीचा व्हिडिओ काढला तिचं नाव आणि पत्ता लिहा, कारण इमारत पडल्यावर चित्रातली जागा ओळखणारा माणूस मिळणं कठीण होतं.

लांबच्या प्रवासाला जेव्हा जाल तेव्हा जा. या रविवारी फोन घेऊन आपल्या वाडीत खाली उतरा, जिन्यापासून नाक्यापर्यंत शांतपणे चित्रण करा, आणि रात्री झोपण्याआधी त्या फाइलला तारीख आणि वाडीचं नाव द्या.